आई-बाबा टोकियोला राहायला येणार असतील तर आधी गोळ्यांचं बघा

आई-बाबांना दोन-तीन महिन्यांसाठी टोकियोला बोलवायचं ठरलं की आपण व्हिसा, तिकीट आणि साकुराच्या, म्हणजे चेरीच्या बहराच्या, तारखा यांच्यामागे लागतो. औषधं कुणाच्याच यादीत नसतात. ती रोजची असतात, निघायच्या आदल्या रात्री आई ती पिशवीत टाकणारच असते, असं आपण धरून चालतो. आमच्याकडेही तेच झालं. टोकियोच्या नारिता विमानतळावर कस्टममध्ये महिनाभराच्या गोळ्या हातात ठेवून बाकीच्या तिथेच सोडाव्या लागल्या. म्हणून ही यादी. यातलं दुसरं काही राहिलं तरी इथे निभावून नेता येतं, औषधांचं येत नाही.

नियम सरळ आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध स्वतःसाठी एका महिन्यापुरतं काहीही न विचारता आणता येतं. चिठ्ठीशिवाय मिळणारं दोन महिन्यांपुरतं. मलमं आणि डोळ्यांचे थेंब प्रत्येक प्रकाराचे २४ नगांपर्यंत. इन्शुलिनसारखी स्वतः टोचून घ्यायची औषधंही एकच महिना. यापेक्षा एक दिवसाचंही जास्त आणायचं असेल तर 'युन्यू काकुनिनशो' नावाचं आयातीचं प्रमाणपत्र आधी काढावं लागतं. पूर्वी याला 'याक्कान शोमेई' म्हणत, जुन्या लोकांच्या तोंडी अजून तेच आहे. आई-बाबांचा व्हिसा ९० दिवसांचा, दोघांना बीपी, एकाला साखर, म्हणजे गोळ्या तीन महिन्यांच्या, म्हणजे प्रमाणपत्र लागणारच. 'कोण बघतंय' म्हणू नका. बघतात.

अर्ज आई-बाबांच्या नावाने, दोघांचे दोन वेगळे, पण भरायचा आपण, कारण त्यातली जपानी कागदपत्रं त्यांना झेपणार नाहीत. नारिता किंवा हानेदाला उतरणार असतील तर कांतो-शिनेत्सु विभागाच्या आरोग्य कार्यालयाकडे, ओसाकाला कान्साईवर उतरणार असतील तर किन्की विभागाकडे. घरबसल्या पाठवता येतो, फी नाही. उतरायची तारीख आणि विमानाचा क्रमांक त्यात लिहावा लागतो, त्यामुळे तिकिटाआधी अर्ज करता येत नाही. तिकीट काढलं त्याच आठवड्यात अर्ज करा. शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका, शंका आली तर ते कागद परत मागतात आणि तोवर विमान सुटतं.

अर्जासाठी डॉक्टरांकडून लेटरहेडवर इंग्रजीत पत्र घ्या. त्यात ब्रँडचं नाव पुरत नाही. 'टेल्मा' लिहून इथे कुणाला काही कळणार नाही, 'टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम, रोज सकाळी एक' असं हवं. आपले डॉक्टर गर्दीत असतात, चिठ्ठी खरडून देतात. समोर बसून नीट लिहून घ्यायला सांगा, आणि आई-बाबांना सांगून होणार नसेल तर स्वतः फोन करा.

आता स्ट्रिपबद्दल, हे नीट वाचा. आपला केमिस्ट दहाच्या स्ट्रिपमधून सहा गोळ्या कात्रीने कापून देतो, आणि नाव नेमकं कापलेल्या बाजूला जातं. असली स्ट्रिप चालणार नाही, पूर्ण स्ट्रिपच घ्या. दुसरं, आईला सगळ्या गोळ्या सोलून 'सोम-मंगळ-बुध' लिहिलेल्या प्लास्टिकच्या डबीत भरायची सवय असते. प्रवासात ती डबी रिकामीच यायला हवी. नाव नसलेल्या पांढऱ्या गोळ्यांनी भरलेली डबी कस्टमच्या माणसापुढे उघडली तर आई काय सांगणार? वैद्यांनी कागदात बांधून दिलेल्या चूर्णाच्या पुड्यांचंही तेच. छापील वेष्टन आणि घटक लिहिलेलं नसेल तर घरी राहू द्या.

सर्दीच्या गोळ्यांवरचे घटक भिंगाने वाचा. स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असेल तर जपानी कायद्यात ते उत्तेजक अमली पदार्थाच्या कच्च्या मालात मोडतं, तिथे हुज्जत घालायला जागाच नाही. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणूच नका. झोपेच्या गोळ्यांना वेगळी मर्यादा असते, ती आधी तपासा. सर्दी-खोकल्याचं इथे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं, त्यासाठी धोका कशाला?

यावर इतकं का लिहितोय, तर गोळ्या गेल्या की पुढचं सगळं महाग आणि किचकट होतं. ९० दिवसांच्या व्हिसावर आलेल्यांना इथला सरकारी आरोग्य विमा मिळत नाही, डॉक्टरांचे पूर्ण पैसे आपले. भारतातून घेतलेला प्रवासविमा बहुतेक वेळा आधीपासूनच्या आजाराला हात लावत नाही. तो कागद विकत घेण्याआधी शेवटपर्यंत वाचा. विमा मात्र घ्याच, पडझड झाली तर लागतो. आणि इथल्या डॉक्टरांनी दिलेली गोळी त्याच गुणाची असली तरी रंग-आकार वेगळा असतो, बाबा ती घ्यायला तयार होत नाहीत आणि बीपी वर जात राहतं.

व्हिसाकडे वळू. ई-व्हिसा पर्यटनासाठी आहे. मुलाकडे राहायला येणाऱ्यांनी नातेवाईक-भेटीचा नेहमीचा व्हिसा काढावा. इथून पाठवायचे कागद म्हणजे निमंत्रणाचं पत्र, हमीपत्र, मुक्कामाचा आराखडा, आपला रहिवासी दाखला आणि कराचा दाखला. शेवटचे दोन वॉर्ड ऑफिसात मिळतात. तिकडून नातं सिद्ध करणारा जन्मदाखला, आणि इथेच गाडी अडते: दाखल्यावर आईचं माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, आधारवर तिसरंच स्पेलिंग. हे आज तपासा. व्हिसा मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथे उतरावं लागतं, म्हणून फार आधीही काढू नका.

महिना कुठला? मार्चअखेर ते मे सर्वांत बरा, फक्त २९ एप्रिल ते ५ मेच्या गोल्डन वीकमध्ये लांब कुठे न्यायचा बेत करू नका. जूनमध्ये पाऊस, जुलै-ऑगस्टचा उकाडा मुंबईकरालाही नको होतो, सप्टेंबरात वादळं. ऑक्टोबर-नोव्हेंबर छान, पण पेन्शनवाल्यांनी हयातीच्या दाखल्याचं बघून निघावं. केंद्राच्या पेन्शनरांना तो नोव्हेंबरात द्यायचा असतो, ८० पूर्ण झालेल्यांना १ ऑक्टोबरपासून देता येतो. बँकेत आधी विचारून ठेवा. फोनचं भारतीय सिमही रोमिंगवर चालू ठेवा, बँकेचा ओटीपी त्यावरच येतो.

सामानात पन्हाळी पत्र्यासारखे जाड कपडे नकोत, पातळ कपड्यांचे थर हवेत. चालायचे बूट घालायला-काढायला सोपे घ्या, इथे जागोजागी बूट काढावे लागतात. मिक्सर आणू नका. इथे १०० व्होल्ट, आपल्याकडे २३०, तो नुसता गुरगुरतो. शेगडी इंडक्शनची असेल तर ॲल्युमिनियमचा कुकरही निरुपयोगी. हापूसची पेटी अजिबात नको, आणि कढीपत्ता, हिरव्या मिरच्याही नकोत. ताज्या फळांना-पाल्याला वनस्पती-तपासणीचा दाखला लागतो. मटण-चिकनचं काहीही, शिजवलेलं असलं तरी, बंद आहे. गोडा मसाला, लोणचं, मेतकूट, चकलीची भाजणी यांनी उरलेली जागा भरा. डाळ-तांदूळ-साबुदाणा टोकियोच्या एदोगावा वॉर्डातल्या निशीकासाई भागातल्या भारतीय दुकानांत मिळतो. या वॉर्डात भारतीय इतके आहेत की २०१९ मध्ये वॉर्डाच्या सभेवर योगेंद्र पुराणिक निवडून आले.

औषधं मोठ्या बॅगेत टाकू नका. सगळी हातातल्या बॅगेत, एका पारदर्शक पिशवीत, वर डॉक्टरांचं पत्र आणि युन्यू काकुनिनशोची छापील प्रत. मोबाईलमध्ये आहे म्हणून भागणार नाही, बाबांचा फोन नेमका त्याच वेळी बंद पडतो. दोघांच्या दोन पिशव्या, ज्याची गोळी त्याच्याजवळ.

निघण्याआधी 'व्हिजिट जपान वेब' या इमिग्रेशन-कस्टमच्या साइटवर दोघांची माहिती भरून क्यूआर कोडचा फोटो काढून त्यांना पाठवा. आपला इथला पत्ता आणि फोन नंबर मोठ्या अक्षरात कागदावर लिहून द्या. औषधांबद्दल कस्टमवर विचारलं तर 'हो' म्हणून पिशवी आणि प्रमाणपत्र पुढे करायचं, एवढं फोनवर दोनदा घोकून घ्या. आई घाबरून 'नो, नो' म्हणते आणि गोष्ट वाढते.

विमानतळावर आपण जायचंच. नंतर पुढच्या काही आठवड्यांत ते एकटे फिरू लागतील, आणि तेव्हाची ही गोष्ट: घर निशीकासाईला असेल तर लक्षात ठेवा, तोझाई मेट्रो लाइनची 'रॅपिड' गाडी तिथे थांबत नाही. तोयोचोनंतर एकदम उरायासु येतं, म्हणजे आई-बाबा नदी ओलांडून चिबा प्रांतात. साधी 'लोकल'च धरायची आणि स्टेशनचा क्रमांक टी-१६ पाठ करायचा. सकाळी साडेसात ते नऊ त्या लाइनवर त्यांना पाठवू नका, गर्दी आपल्या विरार लोकलच्या तोडीची असते. रेल्वे-बसच्या भाड्याचं पाहुण्यांसाठीचं 'वेलकम सुइका' कार्ड २८ दिवसांनी संपतं आणि शिल्लक परत मिळत नाही, तीन महिन्यांसाठी साधं सुइका किंवा पास्मो घ्या. पासपोर्ट कायम जवळ हवा, कायदाच आहे.

खाण्याचं थोडक्यात. शाकाहारी म्हणून मागवलेल्या सूपमध्ये, नूडल्समध्ये, भाज्यांच्या वाटीतसुद्धा दाशी, म्हणजे माशाचा अर्क, असतो. 'मांस नाही, मासे नाही, दाशीही नाही' असं जपानीत लिहिलेलं कार्ड आईच्या पर्समध्ये ठेवा. एकादशी-चतुर्थीला बाहेर जेवायचा आग्रह करू नका.

भूकंपासाठी 'सेफ्टी टिप्स' ॲप दोघांच्या फोनवर. रुग्णवाहिका आणि आग ११९, पोलीस ११०. एदोगावाचा सुमारे ७० टक्के भाग भरतीच्या पातळीखाली आहे, वॉर्डाने २०१९ च्या पूर-नकाशावर 'इथे थांबू नका' असंच छापलं होतं. वादळाचा इशारा आला की त्यांना घेऊन आधीच उंच ठिकाणी किंवा दुसऱ्या वॉर्डात जायचं, पाणी बघत बसायचं नाही.

कचऱ्याचे वार फ्रिजवर लावा. रात्री मोठ्याने फोन नको, भिंती पातळ असतात. रोज एक फेरी बागेत. पहिल्या आठवड्यात कुठेही नेऊ नका, झोप लागू द्या. भारतातल्या वेळेच्या गोळ्या इथे साडेतीन तासांनी पुढे सरकतात, वेळ कशी बदलायची ते डॉक्टरांना आधीच विचारून त्याच पत्रावर लिहून घ्या.

परतीचं: पासपोर्टवर चिकटवलेल्या कागदावर राहायची शेवटची तारीख असते, तिच्या आतलंच तिकीट हवं. बॅगांचं वजन आदल्या दिवशी करा. उरलेल्या गोळ्या परत न्यायच्या, इथे ठेवायच्या नाहीत.