सिमेंटचा पत्रा, छातीचा आजार आणि भरपाईचा दावा

मराठवाड्यात गारपीट झाली की दुसऱ्या दिवशी गावोगाव कटर मशीन सुरू होतं. फुटलेला सिमेंटचा पत्रा कापायचा, जोडायचा, पुन्हा चढवायचा. त्या कामात उडणारी करडी धूळ हा खरा धोका. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात साधारण दहावा हिस्सा अ‍ॅस्बेस्टॉस असतो, म्हणजे बारीक तंतूंचं खनिज; बाकी सिमेंट. तंतू सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात, तोवर ते कुणाच्या छातीत जात नाहीत. म्हणून डोक्यावर अखंड पत्रा आहे एवढ्याने घाबरून तो उद्याच काढायला घेऊ नका. घाईत, कोरडा पत्रा फोडून काढणं हे तो आहे तसा ठेवण्यापेक्षा वाईट.

पत्रा नुसता बघून त्यात अ‍ॅस्बेस्टॉस आहे की नाही ते सांगता येत नाही. अ‍ॅस्बेस्टॉसविरहित पत्रेही आता मिळतात आणि दिसायला तसेच असतात. जुना पत्रा असेल तर आहे असंच धरून चाला.

तंतू फक्त छपरात नसतात. जुन्या पाणीपुरवठा योजनांचे ए.सी. (अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटचे) पाईप, साखर कारखान्याच्या बॉयलर हाऊसमधली जुनी दोरी आणि गॅस्केट, जुन्या औष्णिक केंद्रांतल्या वाफेच्या पाइपांवरचं लॅगिंग (उष्णता अडवणारं वेष्टण), गॅरेजमधले जुने ब्रेक लायनर, सगळीकडे हाच माल वापरला गेला. लॅगिंग सगळ्यात वाईट, कारण त्यात तंतू मोकळे असतात. गळीत हंगाम संपल्यावर दुरुस्तीच्या दिवसांत ठेकेदाराची माणसं ते हाताने ओरबाडून काढतात. कारखान्याच्या हजेरीपटावर त्यांचं नावही नसतं.

पत्रा काढायचाच असेल तर आधी पडण्याचा विचार करा. जुना पत्रा माणसाचं वजन पेलत नाही. तंतूंनी आजार व्हायला वीस वर्षं लागतात, छपरातून खाली यायला एक क्षण. पत्र्यावर थेट पाय ठेवू नका. खालच्या आडव्या पाइपांवर टेकतील अशा रुंद फळ्या आडव्या टाका आणि त्यांवरूनच सरका. शक्य तेवढं काम खालून, शिडीवर उभं राहून करा.

मग पाणी. बादलीभर पाण्यात भांडी घासायचं चमचाभर लिक्विड टाकून फवारणी पंपाने पत्रा दोन्ही बाजूंनी भिजवा. साबणामुळे पाणी पत्र्यात मुरतं, नुसतं पाणी ओघळून जातं. औषध फवारलेला पंप वापरू नका. पत्रा धरून ठेवणारे गंजलेले जे-हूक हातोड्याने ठोकू नका, हाताच्या बोल्ट कटरने तोडा किंवा नट सोडवा. पत्रा अख्खा, दोरीने खाली उतरवा. वरून टाकला की सगळी मेहनत वाया. ग्राइंडर नको, करवत नको, तारेचा ब्रश तर नकोच. उन्हाळ्याआधी पत्र्याला चुना लावतात, त्यात काही वाईट नाही, पण त्याआधी वाळलेलं शेवाळ खरवडतात तिथे चूक होते.

तोंडाला बांधलेला रुमाल किंवा गमछा काहीच अडवत नाही. पी-100 गाळणीचा, नाक-तोंड झाकणारा अर्धा मास्क घ्या; एन-95 यासाठी पुरेसा नाही. दाढी असेल तर मास्क कडेने गळतो. काम झाल्यावर झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. कपडे अंगणात झटकू नका. भिजवूनच काढा आणि वेगळे धुवा. कारखान्यातून आलेल्या माणसाचे कपडे वर्षानुवर्षं झटकणाऱ्या बायकांनाही हे आजार झाल्याचं जगभर नोंदलेलं आहे.

तुकडे जाड प्लास्टिकच्या दोन थरांत गुंडाळून, टेपने बंद करून, वर लिहून ठेवा. कारखान्याचा माल रांजणगावसारख्या धोकादायक कचरा केंद्रातच गेला पाहिजे. घरच्या चार पत्र्यांसाठी ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेला लेखी कळवून जागा ठरवून घ्या. आपल्याकडे फुटके पत्रे रस्त्याच्या खड्ड्यात मुरुमासारखे भरतात. ट्रॅक्टरच्या चाकाखाली त्यांचं पीठ होतं. असं करू देऊ नका.

आता आजार. अ‍ॅस्बेस्टॉसचे सगळे प्रकार कर्करोगकारक आहेत, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पहिल्या गटात नोंदवलं आहे. अ‍ॅस्बेस्टॉसिसमध्ये फुफ्फुस ताठर होतं: चढ चढताना धाप, कोरडा खोकला, बोटांची टोकं फुगीर होणं. फुफ्फुसाचा कर्करोग होऊ शकतो, आणि विडी-सिगारेट असेल तर धोका कित्येक पटींनी वाढतो. मेसोथेलिओमा हा फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग. त्यात छातीत पाणी होतं आणि एका बाजूला सतत दुखतं. तो बहुधा 20 ते 40 वर्षांनी उमटतो.

आपल्याकडची नेहमीची गल्लत इथेच होते. छातीत पाणी म्हटलं की क्षयरोग समजून सहा महिने गोळ्या दिल्या जातात. क्षय असू शकतोही, पण तपासणीत जंतू सापडले नाहीत आणि पाणी पुन्हा भरलं, तर आवरणाचा तुकडा काढून तपासण्याचा आग्रह धरा. छातीचा एक्स-रे, एचआरसीटी (फुफ्फुसाचं बारकाईचं सीटी स्कॅन) आणि फुंकून करायची स्पायरोमेट्री या तीन तपासण्या लागतात. संभाजीनगरला घाटी दवाखाना आणि शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतात का, तेही तिथल्या आरोग्यमित्राला आधी विचारा.

डॉक्टरांना एक वाक्य सांगून केसपेपरवर लिहून घ्या: कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, कुठे, कोणतं काम. पुढे दावा उभा राहतो तो या ओळीवर. अ‍ॅस्बेस्टॉसिस हा कळवण्याजोगा आजार आहे. कारखान्यातल्या कामगाराला तो आढळला तर डॉक्टरने सरकारी यंत्रणेला कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. बायोप्सीचे, म्हणजे तपासायला काढलेल्या तुकड्याचे, ब्लॉक आणि स्लाइड कुठे आहेत ते विचारून पावती ठेवा. माणूस गेला तर मृत्यूच्या कारणात नुसतं ‘हृदयक्रिया बंद’ लिहू देऊ नका.

वकिलाकडे जाण्याआधी कागद गोळा करा. पीएफची यूएएन (पीएफ खाते क्रमांक) पासबुक मालकाचं नाव आणि वर्षं दाखवते. ईएसआयचं (कामगार राज्य विम्याचं) कार्ड, गेटपास, पगारपावती, बोनसची चिठ्ठी, जुन्या सहकाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं, सगळं चालतं. 27 जानेवारी 1995 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगांना कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून 40 वर्षं किंवा नोकरी सुटल्यावर 15 वर्षं, यांपैकी जे उशिरा संपेल तोवर, ठेवायला सांगितलं आहे. मालकाला लेखी मागा. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडच्या तपासणी अहवालांसाठी माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, उत्तराची मुदत 30 दिवस.

दावा कुठे करायचा ते एका प्रश्नावर ठरतं: पगारातून ईएसआय कापला जात होता का? कापला जात असेल तर ईएसआयकडेच जायचं, नुकसानभरपाई कायद्याचा रस्ता बंद होतो. तिथे एकरकमी पैसे मिळत नाहीत. अपंगत्वाच्या प्रमाणात दरमहा लाभ, आणि मृत्यू झाला तर अवलंबितांना. नसेल तर कर्मचारी नुकसानभरपाईचा दावा. ठेकेदाराचा माणूस असला तरी मूळ मालक जबाबदार धरता येतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

रकमेचा हिशेब असा. 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात पगार जास्त असला तरी महिना 15,000 च धरतात. वय 50, पूर्ण अपंगत्व: 15,000 चे 60 टक्के म्हणजे 9,000, गुणिले वयाचा गुणक 153.09, होतात 13,77,810 रुपये. कमाईची क्षमता 40 टक्केच गेली असं प्रमाणपत्र असेल तर 5,51,124. मृत्यू झाला तर 50 टक्क्यांनी, 11,48,175. मालकाने महिन्याभरात दिले नाहीत तर 12 टक्के व्याज, शिवाय दंड. म्हणून अपंगत्वाची टक्केवारी नसलेलं वैद्यकीय प्रमाणपत्र घेऊन येऊ नका. हिशेबच होत नाही.

दाव्याची मुदत दोन वर्षं. ती कामावरून आजारपणाने सलग गैरहजर राहिल्याच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. अडचण पुढची: नोकरी सोडल्यावर दोन वर्षांच्या आत लक्षणं दिसली, तर लक्षणं प्रथम आढळली तो दिवस धरतात. वीस वर्षांनी उमटणाऱ्या आजाराला ही तरतूद अगदीच तोकडी आहे, पण लिहिलंय तसं. उशीर झालाच तर ‘पुरेसं कारण’ दाखवून मुदत माफीचा अर्ज दाव्यासोबत जोडावा. निदान पहिल्यांदा कधी झालं त्याची तारीख त्यात ठळक हवी. 21 नोव्हेंबर 2025 पासून हे जुने कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत गेले आहेत, त्यामुळे तुमच्या तारखा कोणत्या कायद्यात बसतात ते वकिलाकडून पहिल्याच भेटीत ठरवून घ्या.

वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा, किंवा 15100 वर फोन करा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न बघता वकील मोफत मिळतो. विधवेचा अर्ज याच कलमात बसतो. बांधकाम कामगार मंडळात नोंदणी असेल तर तिथली मदत वेगळी, तीही मागा.

आणि एक. दुखवट्याच्या दिवसांत ठेकेदार पन्नास हजार घेऊन घरी येतो आणि स्टॅम्पपेपरवर अंगठा मागतो. मृत्यूची भरपाई मालकाने नुकसानभरपाई आयुक्ताकडे जमा करावी लागते. ती हातात परस्पर दिली तर कायद्याने दिली असं धरत नाहीत, आणि हक्क सोडून देणारा करार रद्दबातल असतो. पैसे घेतले असतील तरी दावा दाखल करा, फक्त घेतलेली रक्कम अर्जात लिहा.