धंदा चालतो, मग गल्ला रिकामा का? गाडा-टपरीवाल्यांनो, या चुका टाळा

लातुरात गंजगोलाईच्या बाजूला चार वर्षं माझा चहा-पोह्यांचा गाडा होता. दिवसाला दोनशे-अडीचशे कप सहज जायचे, आणि तरी महिनाअखेरीला सिलिंडरसाठी मेहुण्याकडे हात पसरायची वेळ यायची. मला वाटायचं, गिऱ्हाईक कमी पडतंय.

गल्ला तोच खिसा

पोराची फी, पाहुण्यांचं मटण, सगळं गल्ल्यातून. त्यात क्यूआर कोड घरच्या खात्याला जोडलेला. पाच तारखेला गाडीचा हप्ता आपोआप कटायचा आणि सहाला दूधवाला दारात. शेवटी धंद्याचं खातं वेगळं काढलं, क्यूआर तिकडे वळवला आणि स्वतःला रोज 400 रुपये मजुरी लावली. पहिले पंधरा दिवस बायकोला वाटलं, मी पैसे कुठं तरी दडवतोय.

'डेली'चा हिशेब न करणं

मला सगळ्यात जास्त बुडवलं ते यानं. डेली म्हणजे रोजच्या हप्त्यानं फेडायचं खासगी कर्ज. 10,000 ची डेली घेतली की हातात 9,000 येतात आणि 100 दिवस रोज 100 भरायचे. ऐकायला हजारच रुपये व्याज. पण मुद्दल दुसऱ्या दिवसापासूनच परत जात असतं, म्हणजे सरासरी साडेचार हजारच आपण वापरतो. त्यावर 100 दिवसांत हजार रुपये म्हणजे वर्षाला शेकडा 80 च्या आसपास. पावसानं दोन दिवस गाडा बंद राहिला की दंड वेगळा, मग जुनी डेली फेडायला नवी. माझ्या एका वेळी तीन चालू होत्या.

वसुलीवाला सावकारीचा परवाना दाखवत नसेल तर 2014 च्या सावकारी कायद्याखाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. लोक जात नाहीत, कारण उद्या परत त्याच्याकडेच जायचंय. मीही गेलो नाही.

सोयाबीनवर उधारी

'रास झाली की देतो' हे मराठवाड्यातलं चलनच आहे. पण 2024 ला हमीभाव क्विंटलला 4,892 असताना बाजारात सोयाबीन त्याहून खाली गेलं, आणि 2025 च्या सप्टेंबरात अतिवृष्टीनं रासच वाहून गेली. शेतकऱ्याचं बुडालं की आपली वहीही बुडते. म्हणून माणशी मर्यादा ठरवा. माझी 300 ची होती. मामा म्हणणाऱ्यालाही तीच. मोठी रक्कम असेल तर वहीत तारीख टाकून सही घ्या, कारण मालाच्या उधारीचा दावा साधारण तीन वर्षांतच करता येतो.

कागद एजंटच्या हातात देणं

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. मी 700 रुपये मोजले होते.

शहरातल्या फेरीवाल्यांसाठी पीएम स्वनिधी आहे: विनातारण पहिलं कर्ज 15,000 पर्यंत, वेळेत फेडलं की 25,000, मग 50,000, आणि व्याजात 7 टक्के अनुदान. फेरीवाल्यांच्या सर्वेक्षणात नाव नसेल तर नगरपालिकेकडून शिफारसपत्र मागा. अर्ज दिला की पोच घ्या. माझा पहिला अर्ज 'मिळालाच नाही' म्हणाले, आणि माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं.