लहान मुलांच्या बोटांचे खेळ: या चुका टाळा

जानेवारी उजाडला की नाशिकमध्ये घरोघरी द्राक्षे येऊ लागतात, आणि तीन वर्षांच्या मुलासाठी त्या घडाइतका चांगला सराव शोधूनही सापडणार नाही. एका हाताने देठ धरायचा, दुसऱ्या हाताच्या चिमटीने मणी अलगद पीळ देऊन खुडायचा आणि तो चिरडू द्यायचा नाही, या तीन गोष्टी एकाच वेळी साधाव्या लागतात. मात्र खुडलेला मणी अख्खा तोंडात जाऊ देणे ही पहिली गंभीर चूक होय. द्राक्षाचा आकार नेमका श्वासनलिका बंद करणारा असतो, म्हणून पाच वर्षांखालील मुलांना ते उभे चिरूनच द्यावे. शेंगदाणे, हरभरे आणि माळेचे मणी यांच्या बाबतीत तर मूल खेळत असताना मोठ्या माणसाने जागेवरून उठूही नये, आणि घड्याळातले चपटे सेल मुलाच्या हाती लागूच देऊ नयेत.

सर्वांत जास्त दिसणारी चूक मात्र वेगळीच आहे, ती म्हणजे पेन्सिलीची घाई. मूल तीन वर्षांचे झाले की अंकलिपी येते आणि त्याचा हात धरून ‘अ’ गिरवून घेणे सुरू होते. मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्माच्या वेळी ती कूर्चेचीच, म्हणजे मऊ आणि लवचीक असतात आणि सगळी कठीण होण्यास दहा-बारा वर्षे लागतात. साधारणपणे तिसऱ्या वर्षी वर्तुळ, चौथ्या वर्षी फुली आणि पाचव्या वर्षाच्या पुढेमागे त्रिकोण पाहून काढता येतो. ‘अ’ मध्ये गोलाई, आडवी रेघ आणि उभी रेघ असे सगळेच एकत्र येते, हे आपण मोठी माणसे सोयीस्करपणे विसरतो.

माझी नात पेन्सिल मुठीत धरत असे आणि मी दर वेळी तिची बोटे सोडवून नीट बसवत असे. मी हात काढला की मूठ पुन्हा वळलेली! शेवटी जाड रंगखडूचा इंचभर तुकडा मोडून दिला. मुठीत धरण्याएवढी जागाच न उरल्याने तिने तो आपणहून अंगठा आणि दोन बोटांत धरला. जी सूचना महिनाभर ऐकली जात नव्हती ती तुकड्याने एका दुपारी दिली.

रेघ फारच फिकट येत असेल किंवा मूल लवकर दमत असेल, तर दोष बोटांतच शोधू नये. हाताचे बळ खांद्याकडून बोटांकडे येते. कागद भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला चिकटवून उभ्याने चित्र काढू दिल्यास खांदा आणि मनगट दोन्ही कामाला लागतात. ओले फडके पिळणे आणि कणीक तिंबणे यांचाही असाच उपयोग होतो. फक्त कणीक हाताला चिकटू नये म्हणून तिला थोडे तेल लावावे.

मूल दोन मिनिटांत उठून जाते, ही तक्रार बहुधा काम अवघड असल्याची खूण असते. मटाराच्या शेंगेचे टोक आपण दाबून उघडून दिले की पुढची शेंग ते उत्साहाने सोलते. कात्रीच्या बाबतीत पातळ कागद देण्याची चूक होते, कारण तो पात्यांमध्ये दुमडतो. जाड कागदाची बोटभर रुंदीची पट्टी दिली तर एकाच कचक्यात तुकडा पडतो आणि मुलाला लगेच यश दिसते. कात्री गोल टोकाची असावी आणि अंगठा वरच्या बाजूला राहावा.

यासाठी महाग खेळणी आणण्याचे कारण नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीत काम सुरू केल्यावर पाने, बिया, खडे अशा परिसरातल्या वस्तूंनाच शैक्षणिक साधने केले होते. आपल्याकडे आजीजवळ बसून फुलवाती वळणे आणि चिमटीतून रांगोळी सोडणे हे तर केव्हापासूनच चालत आले आहे.

डावखुऱ्या मुलाच्या हातून चमचा किंवा खडू काढून उजव्या हातात देणे कटाक्षाने टाळावे. उलट, दीड वर्षाच्या आतच मूल एकच हात वापरत असेल आणि दुसरा मुठीत आवळून ठेवत असेल, तर ती आवड मानू नये. एक वर्ष पूर्ण होऊनही चिमटीने वस्तू उचलता येत नसेल किंवा आधी येणारी गोष्ट आता येईनाशी झाली असेल, तेव्हाही घरगुती खेळांवर विसंबून न राहता बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.