चाल बघायला शिकायचीय? आधी पायताण उलटं करा

पहिल्या वर्षी चालण्याचे आठ टप्पे मी आरतीसारखे पाठ केले होते. तरीही ओपीडीत लंगडत आलेल्या कागलच्या आबांना बघून ‘उजवा ग्लुटियस मीडियस (कुल्ह्याचा बाजूचा स्नायू) कमजोर’ असं ठोकून दिलं. मॅडम म्हणाल्या, “आबा, पायताण काढून चाला बघू.” आबा सरळ चालत गेले. नवी कोल्हापुरी अंगठ्याला चावली होती, एवढंच.

त्यामुळं फिजिओची पोरं-पोरी माझ्याकडं गेट, म्हणजे चालीचा अभ्यास, शिकायला आली की पहिला दिवस पायताणाचा. घरातल्या कुणाचीही वर्ष-दोन वर्षं वापरलेली कोल्हापुरी घ्या आणि उलटी करा. टाचेची मागची, बाहेरची कड झिजलेली दिसली तर घाबरू नका, बहुतेकांची टाच तिथंच आधी टेकते. आतली कड खाल्लेली असेल किंवा जोडातली एकच चप्पल जास्त झिजली असेल, तर टिपून ठेवा. मग सुलटी करा. चामड्यावर घामानं काळे ठसे पडलेले असतात, टाच, चवडा, बोटं. अंगठ्याचा ठसा फिका आणि दुसऱ्या बोटामागचा चवडा काळाकुट्ट असेल, तर पावलावर त्याच जागी घट्टा आहे का बघायचं. माणूस मधुमेही असेल तर या घट्ट्याकडं दुर्लक्ष नको. खाली जखम दडलेली असू शकते आणि बधिर पायाला ती कळतच नाही.

दुसरा दिवस कानांचा. डोळे मिटून पायरव ऐका. धड चालीत पायताणाची करकर सारख्या अंतरानं येते. एक पाऊल रेंगाळतंय आणि दुसरं घाईनं उचललं जातंय असं वाटलं, तर आधी दुखणं शोधा, कारण दुखऱ्या पायावर माणूस जेमतेम थांबतो. टाचेमागोमाग चवडा फट्‌कन आपटत असेल, तर नडगीपुढचा टिबियालिस अँटेरियर हा स्नायू ढिला पडलाय. पाऊल उचलणं हे त्याचं काम सगळ्यांना ठाऊक असतं, पण टेकलेलं पाऊल हळू खाली सोडणंही त्याचंच. विहिरीत दोरानं घागर सोडतो तसं. घागर खाली जाते, हात मात्र ताणलेलेच. स्नायू लांबत असतानाही ताण धरून ठेवतो, एक्सेंट्रिक म्हणतात ते हेच, आणि व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, निम्मी पोरं इथंच अडकतात.

डोळ्यांची पाळी तिसऱ्या दिवशी. मोबाईल गुडघ्याच्या उंचीवर टेकवून स्लो मोशन लावा. निदान दहा मीटर चालू द्या आणि सुरुवातीची, शेवटची दोन-दोन पावलं सोडून द्या. रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्यांचं गुपचूप शूटिंग मात्र करायचं नाही. भावाला नाहीतर काकूला विचारून चालवा.

बाजूनं बघताना एका फेरीला एकच सांधा. सगळं एकदम बघायला गेलात की काहीच दिसत नाही. एका पायाचं चक्र धरलं तर साधारण 60 टक्के वेळ तो जमिनीवर आणि 40 टक्के हवेत असतो. जमिनीवरच्या वेळात शरीर तीन जागांवरून पुढं कलंडत जातं, आधी टाच, मग घोटा, मग चवडा. यांना रॉकर म्हणतात. अडतो तो बहुतेक वेळा मधला. गुडघा सरळ असताना नडगी पावलावरून साधारण 10 अंश पुढं झुकायला हवी. नाही झुकली तर टाच लवकर उचलली जाते, नाहीतर कमान ढासळते, नाहीतर गुडघा मागं ढकलला जातो.

इथं आपल्याकडं एक हमखास फसगत होते. आज्जी टाचा टेकून मस्त उकिडव्या बसतात, म्हणून पोरं ‘घोटा मोकळा’ असं लिहून टाकतात. अहो, उकिडवं बसताना गुडघा वाकलेला असतो! पोटरीचा गॅस्ट्रोक्निमियस हा स्नायू गुडघ्यावरून जातो, तो तेव्हा सैल पडतो. म्हणून घोटा दोनदा मोजा, गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून. सरळ असतानाच अडत असेल तर गॅस्ट्रोक्निमियस आखडलाय. दोन्ही वेळा अडला तर सोलियस (पोटरीचा खालचा, गुडघ्यावरून न जाणारा स्नायू) किंवा सांधाच तपासा.

मागून बघताना टाच आत कलते का आणि कंबर एका बाजूला खाली जाते का, एवढं पुरे. उभ्या माणसाचा अंगठा हातानं वर उचलून कमान चढते का तेही बघा. हिक्स नावाच्या संशोधकानं 1954 मध्ये या यंत्रणेला विंडलास म्हटलं, म्हणजे दोर गुंडाळणारा रहाट. पण उभ्या पावलावरून चालीचा निकाल देऊ नका.

वहीत दिसलं ते आधी लिहा, कारण नंतर. ‘उजवी टाच लवकर उचलली’ असं, ‘पोटरी आखडली’ असं नव्हे. चार-पाच फेऱ्यांवर चालवू नका, दमलेल्या माणसाची चाल वेगळीच असते. आणि आज्जी-आबा असतील तर हात द्यायला शेजारी एक जण हवाच, मोबाईल धरलेला सोडून दुसरा.