ज्येष्ठांची चाल आणि पडण्याचा धोका : या चुका टाळा

घरातील वडीलधारी व्यक्ती हळू चालू लागली की ती आता जपून चालते आहे असे समजून आपण निश्चिंत होतो, आणि चूक इथेच होते. मंदावलेला वेग हे बहुधा पायांतील बळ घटल्याचे लक्षण असते. त्याहूनही बोलका असतो पावलांचा अनियमितपणा. एक पाऊल लांब, दुसरे आखूड, तिसरे रेंगाळलेले, अशा चालीत तोल जाण्याची शक्यता वाढते. फरशीवर चपलांचा आवाज एका लयीत येतो की मध्येच फरपटतो, हे शेजारच्या खोलीतूनही ऐकू येते.

नाशिकमधील कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी एक दृश्य हमखास दिसते. सून विचारते, “आबा, जाताना दूध घ्यायचं ना?” आबा जागीच थांबतात, उत्तर देतात आणि मग पुढचे पाऊल टाकतात. याला स्वभाव म्हणून सोडून देऊ नये. बोलण्यासाठी ज्यांना चालणे थांबवावे लागते ते नंतरच्या काळात कधीतरी पडण्याची शक्यता अधिक असते, असे स्वीडनमधील संशोधकांनी १९९७ साली दाखवून दिले. अशा व्यक्तीचे चालणे आपोआप होत नसते, त्यासाठी सगळे लक्ष खर्ची पडते.

घरच्या घरी चाचणी घेताना अनेकजण केवळ घड्याळाकडे पाहतात. खुर्चीतून उठून तीन मीटर चालणे, वळणे, परत येऊन बसणे, याला १२ सेकंद किंवा अधिक लागल्यास डॉक्टरांना दाखवावे. परंतु वळताना पाच-सहा बारीक पावले पडतात का, हात भिंत शोधतो का, हेही पाहावे. चाचणीच्या वेळी कोणीतरी शेजारी उभे राहावेच.

काठी दुखऱ्या पायाच्याच बाजूला धरणे ही तर घरोघरची चूक. ती विरुद्ध हातात हवी, आणि हात सरळ सोडल्यावर तिची मूठ मनगटाच्या रेषेशी यावी. रामकुंडाच्या ओल्या पायऱ्यांवर मात्र काठीपेक्षा चष्मा घात करतो, कारण बायफोकलच्या खालच्या, म्हणजे वाचण्यासाठीच्या, भागातून पायरीची कड धूसर दिसते. तेथे मान खाली घालून, चष्म्याच्या वरच्या भागातून पाहत, कोणाचा तरी हात धरूनच उतरावे.

एकदा पडल्यावर “आता घरातच बसा” असे सांगणे मायेपोटी असते, पण त्याने स्नायू आणखी क्षीण होतात. त्याऐवजी झोपेच्या व रक्तदाबाच्या गोळ्यांची यादी डॉक्टरांपुढे ठेवावी आणि फिजिओथेरपिस्टकडून तोल सावरण्याचे व्यायाम शिकून घ्यावेत.