नव्या गटातल्या मुलांची एकमेकांशी ओळख कशी करून द्यावी

मुलांचा गट पहिल्यांदा जमला की कुणीतरी ताई किंवा दादा टाळी वाजवतात आणि म्हणतात, "चला, मोठा गोल करा. एकेकाने उभं राहून नाव आणि छंद सांगा." हे करू नका. मी स्वतः कितीतरी वर्षं हेच करत आले, म्हणून सांगते. याने ओळख होत नाही, हजेरी होते.

माझा एकच नियम आहे आणि पुढचं सगळं त्यावरच उभं आहे: ज्या मुलाला खोलीत अजून एकाचंही नाव माहीत नाही, त्याला सगळ्यांच्या नजरेसमोर एकटं उभं करायचं नाही. कुठलाही खेळ निवडताना तो या नियमात बसतो का, एवढंच बघा.

आणखी एक हिशोब आधीच डोक्यातून काढून टाका. २४ मुलं असतील तर त्यांच्या जोड्या होतात २७६. तासाभरात सगळ्यांची सगळ्यांशी ओळख होणार नाही. घरी जाताना प्रत्येकाला पाच-सहा नावं आठवली आणि पुढच्या वेळी शेजारी बसायला एक जण ठरला, की काम झालं.

येताक्षणी हाताला काम

लवकर आलेल्या मुलांचे हाल सगळ्यात जास्त. दारातच नावपट्टी आणि जाड पेन द्या. ज्या नावाने हाक मारलेली आवडते तेच नाव त्यांनी स्वतः, चार पावलांवरून वाचता येईल इतक्या ठळक अक्षरात लिहायचं. आडनाव नको. पट्टी झाली की खुर्च्या मांडायला, दोऱ्या कापायला, काहीही करायला लावा.

आधी पाय, मग तोंड

पहिला खेळ 'जागा बदला'. मुलांपेक्षा एक खुर्ची कमी ठेवून गोल मांडा. ज्याच्यावर राज्य तो मध्ये उभा राहून म्हणतो, "ज्यांच्या बुटाला नाडी आहे, त्यांनी जागा बदला." पळापळ होते आणि उरलेल्यावर राज्य येतं. पहिली चार-पाच राज्यं तुम्ही स्वतः घ्या. इथेही सगळे मधल्याकडेच बघत असतात, त्यामुळे बुजऱ्या मुलावर राज्य आलं तर तुम्ही त्याच्या शेजारी उभं राहून वाक्य सुचवा. दहा मिनिटांत आवरा.

खुर्च्या कमी करत करत एकेकाला बाद करायचा खेळ मात्र पहिल्या दिवशी नको. त्यात सगळ्यात आधी बाद होतं ते बुजरं मूल, आणि ते उरलेला सगळा वेळ भिंतीला टेकून बसतं.

नावं: इथे घाई केलीत तर सगळं फसतं

सुरुवातीच्या वर्षांतला एक प्रसंग सांगते. २६ मुलं, मोठा गोल, नाव आणि छंद. तिसऱ्या मुलाने "क्रिकेट" म्हटलं. त्यानंतर अकरा जणांनी क्रिकेटच सांगितलं. त्यातल्या निदान चौघांनी बॅट हातात धरली नसावी. विसाव्या जागेवर एक मुलगी होती. तिची पाळी चार जणांवर आली तेव्हा तिच्याकडे माझं लक्ष गेलं. ओठ हलत होते, स्वतःचंच नाव ती मनात घोकत होती. पाळी आली तेव्हा आवाज फुटला नाही. "मोठ्याने बोल गं," असं मी म्हटलं. आजही ते आठवलं की माझंच मला वाईट वाटतं. पुढच्या वेळी ती आलीच नाही.

ती घोकत होती म्हणजे आधीच्या चौघांचं काहीच ऐकत नव्हती. मोठ्यांचंही असंच होतं. माल्कम ब्रेनर या मानसशास्त्रज्ञाने १९७३ साली हे प्रयोगाने दाखवलं: पाळीपाळीने शब्द वाचणाऱ्या माणसांना स्वतःच्या पाळीच्या अगदी आधी वाचले गेलेले शब्द फार कमी आठवतात. म्हणजे गोलातल्या ओळखीत नेमकं शेजाऱ्याचंच नाव निसटतं.

मग कुणीतरी साखळी सुचवतं. प्रत्येकाने आधीच्या सगळ्यांची नावं म्हणून शेवटी आपलं जोडायचं. आठ मुलांत हे जमतं. २६ मुलांत शेवटच्या मुलाला ती परीक्षाच वाटते, आणि पहिल्या मुलाला एक नाव सांगून झाल्यावर काहीच काम उरत नाही. नावाला विशेषण जोडायची युक्ती तर मी कायमची बंद केली. 'मस्तीखोर' अमुक, 'झोपाळू' तमुक ऐकायला गंमत वाटते. पण एका मुलाने घाबरून पहिलं सुचलं ते विशेषण घेतलं आणि वर्षभर सगळे त्याला त्याच नावाने चिडवत राहिले. ते त्याला मीच चिकटवलं होतं.

आता मी करते ते असं. सात-आठ जणांचे गोल पाडा. दहाचा गोल दिसला की तोडा. प्रत्येक गोलात एक मऊ गोळा द्या, मोज्यांची जोडी गुंडाळली तरी पुरे. रबरी चेंडू घेऊ नका. तो सुटला की घरंगळत जातो, मूल त्याच्यामागे धावतं आणि बाकीचे हसतात. मोज्याचा गोळा पडला तिथेच थांबतो.

सगळ्यांनी एक हात वर करायचा. ज्याच्याकडे गोळा आहे त्याने हात वर असलेल्या कुणाकडेही बघून विचारायचं, "तुझं नाव काय?" उत्तर आलं की ते नाव मोठ्याने म्हणायचं आणि मगच गोळा टाकायचा. झेलणाऱ्याने हात खाली घ्यायचा आणि पुढच्याला विचारायचं. सगळे हात खाली आले की शेवटच्याने गोळा पहिल्याकडे टाकायचा. सगळी मेख इथेच आहे: स्वतःचं नाव प्रत्येकाने फक्त एकाला सांगितलं. गोलभर ते म्हटलं दुसऱ्याने, मोठ्या आवाजात. त्या मुलीसारख्या मुलांना एवढंच हवं असतं. आणि हात वर-खालीच्या नियमामुळे कुणी राहून गेलं असं होत नाही.

दुसरी फेरी त्याच क्रमाने, पण आता न विचारता नाव घ्यायचं. इथे मुलं अडकतात. अडकलेल्याला विचारायची मुभा पाहिजे आणि ती तुम्ही आधी वापरून दाखवा. "अरे, विसरले मी! पुन्हा सांग." ताईच विसरते म्हटल्यावर विसरण्याची लाज जाते. मी तर मुद्दाम दोनदा विसरते. नावपट्ट्या वाचून कुणी नाव घेतलं तर घेऊ दे, तिसऱ्या फेरीत वाचायला वेळच मिळत नाही.

तिसऱ्या फेरीत, पहिला गोळा फिरत असतानाच दुसरा सोडा, मग जमलं तर तिसरा. आता ओरडाओरड होते, गोळे एकमेकांवर आदळतात, आणि मघाशी पुटपुटणारं मूल "ईशा! ईशा, इकडे!" करून किंचाळत असतं. हाच क्षण हवा होता. काही जण झेलल्यावर आभारही मानायला लावतात, त्याने सगळा वेग जातो. तो भाग गाळा.

यात एक खोट आहे. एका क्रमात प्रत्येक मूल दोनच नावं पक्की करतं: ज्याच्याकडून घेतो त्याचं आणि ज्याला देतो त्याचं. म्हणून क्रम मोडून नवा लावा, निदान दोनदा. नंतर प्रत्येक गोलातले अर्धे जण उठवून पुढच्या गोलात पाठवा आणि पुन्हा पहिल्यापासून. या सगळ्याला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. एवढा वेळ केवळ नावांवर घालवता का, असं मला विचारतात. हो, घालवते. नाव माहीत नसलेल्या मुलाला हाक मारता येत नाही, मग पुढचे सगळे खेळ "ए, तू!" वर चालतात.

नावं पक्की झाली का ते बघायला पडद्याचा खेळ उत्तम. मधोमध चादर धरायची, दोन्ही बाजूंनी एकेक भिडू पुढे येऊन बसतो, चादर पडली की समोरच्याचं नाव आधी घेईल त्याचा गुण. मागच्यांना कुजबुजून सांगायला परवानगी द्या.

जोड्या तुम्ही लावा

"आपापला जोडीदार निवडा" हे वाक्य तोंडातून काढू नका. मैत्रिणी मैत्रिणींना चिकटतात आणि एक मूल मध्ये उभं राहतं. त्याऐवजी एक शब्दही न बोलता वाढदिवसाच्या क्रमाने रांग लावायला सांगा, वर्ष सोडून, फक्त महिना आणि तारीख. बोटांनी खाणाखुणा करताना हसू फुटतंच. रांग लागली की पहिल्यापासून दोन-दोन जण तोडत जा. संख्या विषम असेल तर शेवटी तिघांचा गट करा. उरलेल्या मुलाशी ताईने जोडी जमवली की ते वेगळं पडलंच म्हणून समजा.

जोडीला विचारायला तीन प्रश्न द्या, आणि छंद हा त्यातला नको. "असं काय आहे जे तुला जमतं पण शाळेत कुणी विचारत नाही?" "कशावरून खूप हसला होतास?" "कुठला आवाज अजिबात सहन होत नाही?" शेवटच्या प्रश्नावर खोलीभर खडू फळ्यावर कर्र वाजल्याच्या नकला सुरू होतात. आई-वडील काय करतात, सुट्टीत कुठे गेला होतास, किती टक्के मिळाले, हे विचारू नका. पहिल्याच दिवशी मुलांची उतरंड लागते. आणि जोडीदाराची माहिती नंतर सगळ्यांसमोर सांगायला लावू नका, शेजारच्या एका जोडीला सांगितली की झालं.

शोधाशोध

एका कागदावर चार बाय चारची चौकट, प्रत्येक घरात एक वाक्य: 'पोहता येतं', 'डावखुरा आहे', 'शिट्टी वाजवता येते'. तसं मूल शोधायचं आणि त्या घरात त्याचं नाव लिहायचं. एक नाव एकाच घरात, ही अट विसरलात तर मुलं एकाच मित्राच्या नावाने कागद भरून आणतात.

पहिल्या दिवशी हे नको

हातात हात गुंफून केलेली माणसांची गाठ सोडवणं. एक तर अनोळखी हात धरायचे, त्यातही बऱ्याच वयांच्या मुलांत मुलगे-मुली असा संकोच असतो. शिवाय ती गाठ दरवेळी एका गोलात सुटतेच असं नाही. कधी दोन वेगळी कडी होतात, कधी खरीच गाठ बसते आणि तुम्ही "जमेल, जमेल" म्हणत राहता. दोन खरं-एक खोटं, म्हणजे स्वतःबद्दल तीन गोष्टी सांगून त्यातली खोटी ओळखायला लावायची, हा खेळ दहा वर्षांखालच्या मुलांना झेपत नाही. डोळे मिटून मागे पडायचं आणि बाकीच्यांनी झेलायचं, हा प्रकार मी कुठल्याच दिवशी करत नाही.

उशिरा आलेलं मूल दारात दिसलं तर खेळ थांबवून सगळ्यांना त्याचं नाव सांगू नका. जवळच्या गोलात गुपचूप उभं करा. हात वर केला की गोळा आपोआप त्याच्याकडे येतो.

दुसऱ्या भेटीत नावपट्ट्या काढून टाका आणि सुरुवातीलाच पाच मिनिटं गोळ्याचा खेळ घ्या. त्या दिवशी कुणी नवीन आलं असेल तर पहिला गोळा त्याच्या हातात देऊ नका. दोन-चार नावं त्याच्या कानावर पडू द्या, मग त्याच्याकडे टाका.