डॉक्टरांचं ऐका, पण तुम्ही बघितलेलंही त्यांना सांगा

आईला बीपीची नवीन गोळी सुरू झाली आणि दोनेक आठवड्यांत ती गोंधळायला लागली, चतुर्थीची माटोळी (गणपतीच्या वर बांधतात ती फळापानांची चौकट) दरवर्षी तीच सांगून बांधून घेते, यंदा हातात सुपारीचा घोस धरून नुसतीच उभी. डॉक्टर म्हणाले वय झालंय, होतं असं. मला काही ते पटेना. मग वहीत तारखा लिहिल्या, गोळी कधी सुरू झाली, झोप किती, काय काय विसरली, आणि ती वही दुसऱ्या डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी लगेच रक्तातलं सोडियम तपासलं तर १२१, नॉर्मल असतं १३५ ते १४५. लघवी वाढवणाऱ्या काही बीपीच्या गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसांचं सोडियम असं उतरतं, आणि त्यानेच माणूस गोंधळतो.

तेव्हा मनात खटकलं तर सरळ विचारा, "हे औषधामुळे असेल का?" विचारण्यात कसला अपमान! अ‍ॅडमिट असेल तर उपचारांचे कागद मागून घ्या, मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत ते द्यावे लागतात, मग गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा दुसरीकडे दाखवता येतात. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका, आधी फोन करून विचारा, आणि माणूस फारच गुंगीत वाटला तर वाट न बघता १०८ बोलवा.